ताब्यात असताना गेलेल्या माणसाचं स्मारक : वर्षश्राद्धाआधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावचा, टेम्पो चालवणारा तिशीतला तरुण चोरीच्या संशयावरून पोलिसांनी घरातून नेला आणि दोन दिवसांनी त्याचं पार्थिव परत आलं. ‘अस्वस्थ वाटू लागल्याने दवाखान्यात नेत असता वाटेत मृत्यू’ असं कागदावर आहे. याला आठ महिने झाले. मंडळाच्या पोरांना वर्षश्राद्धाच्या दिवशी वेशीत दगड बसवायचा आहे आणि त्यावर ‘हुतात्मा’ असं कोरायचं आहे. स्टेशनातून निरोप आलाय की परवानगीशिवाय काही उभारलं तर काढून टाकू. भाऊ म्हणतो उभारायचंच, आई काहीच बोलत नाही. तुम्ही विचारताय, हे कसं करावं.

मी बेळगावात वकिली करतो. अशा मृत्यूंच्या फायली वीसेक वर्षं हाताळतोय, आणि त्यातल्या काही घरांत स्मारकाच्या बैठकांनाही बसलोय. दगडाबद्दल सांगतोच, पण त्याआधी एक सांगायला हवं: तुमच्या हातात चार महिने आहेत असं तुम्हाला वाटतंय. स्मारकासाठी आहेत. बाकीच्या कामाला ते कमी पडतील, आणि ते काम राहिलं तर दगडावर काय लिहायचं हेच तुमच्या हातात राहणार नाही.

मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा आहे. त्याच्या ३६ व्या कलमात असं आहे की घटनेला एक वर्ष उलटल्यावर मानवी हक्क आयोग त्या तक्रारीची चौकशी करत नाही. आणि २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा जो आदेश दिला, त्यात चित्रण अठरा महिने जपायचं आणि तेवढी सोय नसेल तिथे निदान एक वर्ष जपायचं असं म्हटलंय. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही वर्षश्राद्धाचं पान वाढाल, त्याच दिवशी आयोगाचं दार बंद होईल, आणि कदाचित त्याच दिवशी त्या दोन रात्रींचं चित्रणही पुसलं जाईल. तिथीप्रमाणे श्राद्ध करणार असाल तर तारीख पुढेमागे होते, तेव्हा पंचांग बाजूला ठेवा आणि इंग्रजी कॅलेंडर धरून चाला. मी एका घराला हे उशिरा सांगितलं. त्यांनी वर्षभर शोक पाळला, वर्षाच्या दिवशी सगळं गाव जेवू घातलं आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आले. त्या घराच्या अंगणात आज सुंदर तुळशीवृंदावन आहे, त्यावर नाव आहे, पण मृत्यूचं कारण अजून पोलिसांनी लिहिलेलंच आहे. हे मी विसरलेलो नाही.

म्हणून या आठवड्यात आईच्या सहीने (किंवा अंगठ्याने) एक अर्ज जाऊ द्या: अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंतचं ठाण्यातलं सगळं चित्रण जपून ठेवावं. एक प्रत पोलीस अधीक्षकांना, एक आयोगाला. अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर नको. आयोग राष्ट्रीय निवडा किंवा कर्नाटकचा, पण दोन्हीकडे एकदम धावू नका. राज्याच्या आयोगापुढे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही. ताब्यातला मृत्यू चोवीस तासांत कळवायचा अशी राष्ट्रीय आयोगाची सूचना १९९३ पासून आहे, तेव्हा तुमच्या माणसाच्या नावाने तिथे कदाचित आधीच नंबर पडला असेल. तो विचारून घ्या.

आणि हो, अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे आपलं गाऱ्हाणं कोणत्याही अधिकाऱ्यापुढे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून कोणी परत पाठवलं तर तसं लेखी मागा. पण माझा सल्ला असा की मराठी मूळ अर्जाला कन्नड तर्जुमा जोडून द्यावा. आपल्याला उत्तर हवंय, भाषेचा वाद नको.

दुसरं काम न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचं. पोलिसांच्या ताब्यात माणूस गेला तर पोलिसांच्या तपासाशिवाय वेगळी न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायलाच हवी, हे २००६ पासून कायद्यात आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७६ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९६ वं. शक्य असेल तिथे आई, वडील, बायको, मुलं, भावंडं यांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं, हेही त्यात आहे. तुमच्या घरी अशी नोटीस आली होती का? बहुतेक घरांत एक कागद आलेला असतो, कन्नडमध्ये, आणि तो देवघराच्या फळीवर पडून असतो. आपल्याकडे पोलीस तपास सहसा सीआयडीकडे जातो. म्हणजे एक यूडीआर, अनैसर्गिक मृत्यूची पोलिसांतली नोंद (कोल्हापूर-सांगलीकडचे लोक जिला एडी म्हणतात), एक सीआयडीची फाईल आणि एक न्यायदंडाधिकाऱ्यांची, असे तीन वेगळे नंबर असतात. तिन्ही मिळवा. शवविच्छेदनाचा अहवाल आणि त्याचं चित्रीकरणही मागा. ताब्यातल्या मृत्यूचं शवविच्छेदन व्हिडिओवर घ्यावं असं राष्ट्रीय आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना कळवलंय.

एक कागद मात्र आत्ताच शोधा. मृतदेह ताब्यात देताना कोणाकडून तरी सही घेतलेली असते. दवाखान्याच्या दारात, रडारडीत, चुलता किंवा मेव्हणा सही करतो. मी पाहिलेल्या अशा कागदांपैकी काहींवर कन्नडमध्ये ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असं वाक्य होतं आणि सही मराठीत. सही करणाऱ्याला कन्नड वाचता येत नव्हतं. अशा माणसाला घरात कोणी बोल लावू नये. त्याने आता साध्या भाषेत लिहून द्यावं की मजकूर मला वाचून दाखवला नव्हता, समजावला नव्हता. त्या वाक्यानंतर हे वाक्य फाईलला लागलं पाहिजे.

इथवर आलो की मला जे मुख्य सांगायचंय ते सांगता येईल. या सगळ्या धडपडीत भांडण एका वाक्याचं असतं. तुमचा माणूस कसा गेला हे सांगणारं एक वाक्य सरकारी कागदावर लिहिलं गेलंय. ‘छातीत कळ आली’, ‘लॉकअपच्या गजाला टॉवेल बांधला’, ‘पळताना पडला’. स्मारक म्हणजे त्याच मृत्यूबद्दल तुम्ही लिहिलेलं वाक्य. ते इतकं पक्कं असलं पाहिजे की उद्या कोणी खोडायला आला तरी त्यातला एक शब्द हलू नये.

आता ‘हुतात्मा’ या शब्दाकडे येतो. पोरांच्या तोंडी तो का आला हे मला कळतं. आपण सगळे त्या शब्दात वाढलो. दर १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांना अभिवादन होतं. दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकाशी, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्या नऊ जणांसाठी माणसं जमतात. मीही जातो. पोलिसांच्या हातून माणूस गेला की काय करायचं, याचा आपल्याकडे हाच एक नमुना आहे: चौक, दगड, हार, घोषणा. पण ती माणसं हजारोंच्या डोळ्यांसमोर पडली. ती कशासाठी रस्त्यावर उतरली होती हे त्यांना आणि गावाला ठाऊक होतं. तुमचा टेम्पोवाला एका बंद दारामागे गेला, एकटा, आणि त्याने काही निवडलं नव्हतं. त्याला हुतात्मा म्हटलं की लोक लगेच विचारतात, कोणत्या लढ्यातला? मग कोणीतरी म्हणतो, अहो चोरीचा संशय होता ना? आणि बैठक भलत्याच प्रश्नावर जाते: तो चांगला होता की वाईट.

तो प्रश्न स्मारकाच्या दारात येऊच देऊ नका. त्याने चोरी केली होती की नाही हे न्यायालय ठरवणार होतं, आणि ते ठरायच्या आत तो गेला. समजा केली होती. तरी घरातून नेलेला माणूस जिवंत न्यायालयापुढे उभा करणं ही नेणाऱ्याची जबाबदारी होती. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये जो निकाल दिला, त्याचा गाभा हाच होता. तिचा मुलगा चोरीच्याच संशयावरून नेला होता आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळांपाशी सापडला. तो पळून गेला होता असं पोलिसांनी सांगितलं. न्यायालयाने ते मानलं नाही आणि दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मुलगा सज्जन होता म्हणून नाही. तो राज्याच्या ताब्यात होता म्हणून.

आपल्या सीमाभागात हे अधिकच जपायला हवं, कारण चोरी झाली की आधी ज्यांच्या वस्तीवर गाडी जाते त्यांच्या बाजूने ‘तो चांगला होता’ म्हणणारं कोणी नसतं. पारध्यांच्या पालावर मी एकदा गेलो होतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ज्यांच्या कपाळावरचा तो शिक्का कागदावर तरी पुसला, त्या जमातींपैकी ही एक. गेलेल्या माणसाचा फोटो मागितला तर आधार कार्डावरचाच निघाला. दुसरा कधी काढलाच नव्हता. जागा त्यांची नव्हती, त्यामुळे दगड कुठे लावणार? त्याच्या बायकोने तो फोटो मोठा करून घेतला आणि पाल हलेल तिथे तो हलतो. हेही स्मारकच आहे, आणि मी पाहिलेल्यांत सर्वांत भारी.

पुरुलियाच्या बुधन शबरबद्दल कदाचित ऐकलं असेल. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यात असताना मेला, गळफास घेतला असं सांगण्यात आलं. त्याच्या समाजाच्या समितीने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली, बंगाली लेखिका महाश्वेता देवी त्यांच्या पाठीशी होत्या, आणि न्यायालयाने सीबीआय चौकशी आणि भरपाईचा आदेश दिला. त्याचं खरं स्मारक मात्र पुरुलियापासून फार दूर, अहमदाबादच्या छारानगरात उभं राहिलं. तिथल्या छारा या तसाच शिक्का बसलेल्या जमातीच्या पोरांनी त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्याच्यावर नाटक केलं आणि आपल्या नाटकमंडळीलाच त्याचं नाव दिलं. ती पोरं बुधनला कधी भेटली नव्हती. त्यांना त्याची गोष्ट ओळखीची वाटली, इतकंच.

आता वाक्य. आपल्या खानापूर तालुक्यात वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड, कितीतरी आहेत, हलशीच्या बाजूला देवळांच्या मागे, शेताच्या बांधावर. पोरांना एकदा घेऊन जा आणि दाखवा. सगळ्यांत खालच्या खणात तो वीर कसा पडला हे कोरलेलं असतं: गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंज, ढाल, तलवार. मधल्या खणात अप्सरा त्याला वर नेतात. वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गुरं राखताना पडलेल्या साध्या गड्यालाही गावाने असा दगड दिला, आणि त्यात तो कसा गेला हे सांगितलंच. आपल्या माणसाच्या दगडाची अडचण नेमकी ही आहे की खालचा खण आपल्याला माहीत नाही. त्या खोलीत काय झालं हे बघणारे सगळे एका बाजूचे होते. आणि आपण तो खण रागाने भरायला जातो. ‘अमानुष मारहाणीत’ असं लिहितो. ते खरं असेलही. पण खटला चालू असताना ते दगडावर गेलं तर दगड हटवायला कारण मिळतं, आणि समोरचा वकील म्हणतो, बघा, निकाल लागायच्या आधीच यांनी ठरवून टाकलंय.

म्हणून मी घरांना सांगतो की खालचा खण कोरा ठेवा आणि त्याच्या दोन्ही कडा कोरा. तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तुमच्या बाबतीत ते असं होईल: ‘अमुक तारखेला, इतक्या वाजता, पोलिसांनी घरातून नेले. अमुक तारखेला पार्थिव घरी परत आले. मधल्या काळात ते पोलिसांच्या ताब्यात होते.’ याखाली नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं. एकही विशेषण नाही. यातलं काहीही खोटं ठरवता येणार नाही, कारण नेताना गल्ली बघत होती आणि आणताना गाव. वाचणारा मधल्या दोन दिवसांपाशी थांबतोच. तो थांबावा एवढंच आपल्याला हवंय.

मृत्यूची तारीख म्हणून एकच तारीख मुद्दाम लिहू नका असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. दाखल्यावर जी तारीख येते ती दवाखान्यात ‘मृत’ घोषित केल्याची. माणूस आदल्या रात्रीच गेला असं घराला वाटत असतं, कधी शवविच्छेदनातूनही तसं दिसतं. एका स्मारकात दाखल्यावरची तारीख कोरली गेली आणि पुढे तीच तारीख ‘घरच्यांनाही मान्य’ म्हणून समोर आली. तो दगड मी वाचून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. तेव्हापासून मी नेल्याची आणि आणल्याची तारीख धरतो.

शब्द ‘कोठडीत’ नको, ‘ताब्यात’ हवा. हा बारकावा नाही. कोठडी म्हटलं की लॉकअपच्या नोंदवहीत नाव होतं का, असा प्रश्न येतो, आणि कित्येकांना लॉकअपमध्ये घातलेलंच नसतं. मागच्या खोलीत, क्वार्टर्समध्ये, जीपमध्ये ठेवलेलं असतं. ताबा म्हटला की दारातून नेलं तिथपासून तो सुरू होतो. कन्नडमध्ये त्याला ‘वश’ म्हणतात. कन्नड मजकुरात ‘पोलीस वशदल्लि’ असंच येऊ द्या. शाळेतल्या एखाद्या कन्नड गुरुजींकडून दोनदा वाचून घ्या, गुगलवर टाकून मोकळे होऊ नका.

दगड दोन्ही भाषांत हवा, यावर मी अडून बसतो. मंडळातली पोरं कुरकुरतील. पाटीच्या भाषेवरून आपल्याकडे काय होतं हे त्यांनी पाहिलंय: येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये काढला गेला आणि त्यापाठोपाठ गावात पोलिसांच्या लाठ्या घराघरांत शिरल्या. त्या आठवणीने कोणाचं रक्त तापत असेल तर मी समजू शकतो. पण ताब्यात मरणारा माणूस या जिल्ह्यात मराठीच असतो असं नाही. कन्नड बोलणारा असतो, उर्दू बोलणारा असतो. तुमच्या दगडापुढे उद्या अथणीची एखादी आई येऊन उभी राहिली तर तिला तो वाचता आला पाहिजे. हे प्रकरण सीमावादाच्या पोटात घातलं तर दोन्हीकडचे पुढारी येतील, भाषणं होतील, आणि त्या दोन दिवसांचा प्रश्न मागे पडेल.

जागेचं आता. वेशीत नको. १८ जानेवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे सार्वजनिक रस्ता, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम करायला राज्यांनी परवानगी द्यायची नाही. तेव्हा स्टेशनातला निरोप धमकीच्या सुरात आला असेल, तरी जागेपुरता त्याला आधार आहे. खाजगी जागा घ्या: घरचं अंगण, भावाच्या शेताचा रस्त्याकडचा बांध. सातबाऱ्याला आपल्याकडे ‘उतारा’ म्हणतात तो कोणाच्या नावावर आहे बघा, सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, नाहीतर पाच वर्षांनी चुलतभावाच्या वाटणीत दगड निघतो. चौथरा बांधणार असाल तर पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडे (पीडीओ) अर्ज द्या आणि पोच घ्या. कार्यक्रमाला स्पीकर आणि मिरवणूक असेल तर त्याची परवानगी वेगळी मागा.

पैशाचं थोडक्यात: मंडळाची वर्गणी आणि घराला मिळणारी भरपाई यांचा एकमेकांशी संबंध नको. वेगळी वही, वेगळं खातं. ‘स्मारक केलं म्हणजे पैसे मिळाले असतील’ असं गावात बोललं जातं, आणि ते आईच्या कानावर जातं.

आईबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. ती बोलत नाही म्हणजे तिचा होकार आहे असं धरू नका. भावाला आणि मंडळाला बाहेर ठेवून गल्लीतली एखादी वयस्क बाई तिच्यापाशी बसू दे, दोनतीनदा. एका घरात फ्लेक्स लागला होता, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मोठा फोटो, खाली पंचवीस पोरांचे फोटो. महिन्याने कळलं की आई त्या रस्त्याने जायची बंद झाली होती, पाणीसुद्धा लांबून आणायची. धाकट्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं आणि चौकातला तो फोटो पाहुण्यांना आधी दिसत होता. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. दुसऱ्या एका आईला दगडबिगड काही नको होतं. तिला मुलाचा अंगावरचा शर्ट परत हवा होता. तो मुद्देमाल म्हणून जमा होता. शर्ट मिळवायला दोन वर्षं अर्ज केले. तो कपाटात आहे, तिने कोणाला दाखवलेला नाही.

तुमच्याकडे घरी असे कपडे आलेले असतील तर धुऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते. कागदी पिशवीत ठेवा आणि वर तारीख लिहा. दहन झालंय असं मी धरतो. दफन झालं असेल तर आजच सांगा, कारण मग दुसऱ्या शवविच्छेदनाची वाट अजून पूर्ण बंद नाही.

स्मारक दगडाचंच हवं असं काही नाही. तो टेम्पो चालवायचा ना? तुमच्या भागातले टेम्पोवाले गाडीच्या मागच्या फळीवर देवाचं, पोरीचं नाव घालतात. त्याच्या सोबत्यांनी त्याचं नाव आणि दोन तारखा घातल्या तर ते नाव निपाणी, कोल्हापूर, सावंतवाडीपर्यंत रोज जाईल आणि त्याला कोणाची जागा लागणार नाही. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा राजन हा विद्यार्थी आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, कक्कयमच्या पोलीस छावणीत मेला. त्याचा देहही मिळाला नाही. वडिलांनी न्यायालयात धरून ठेवलेल्या प्रश्नामुळे १९७७ मध्ये केरळच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. राजन गायचा, आणि त्याच्या कॉलेजचा ‘रागम’ हा महोत्सव त्याच्या स्मृतीशी जोडलेला आहे. दरवर्षी नवी मुलं येतात आणि विचारतात, हा कोण?

माझ्या मनातलं सांगू? डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अटकेबद्दल अकरा सूचना दिल्या. नेणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर वेळ आणि तारीख, घरच्या किंवा गल्लीतल्या एकाची सही. नातेवाइकाला कळवायचं. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी. वकिलाला भेटू द्यायचं. या सूचना प्रत्येक ठाण्यात दिसतील अशा लावायला न्यायालयानेच सांगितलंय. त्या अकरा सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये स्वच्छ अक्षरांत रंगवून त्याच्या नावाशेजारी लावा. तुमच्या माणसाला नेताना मेमोवर कोणाची सही घेतली होती का? नसेल तर त्या फलकापुढे उभा राहिलेला प्रत्येक जण पुढच्या वेळी ती मागेल. एप्रिल २०१७ ते मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू नोंदले गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलंय. पुढची वेळ येणारच नाही असं मी तुम्हाला कसं म्हणू?

पोरं विचारतील, निकाल लागणार नसेल तर हे इतकं मोजूनमापून कशाला? त्यांना अहमद तिमोलबद्दल सांगा. दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा शिक्षक. २७ ऑक्टोबर १९७१ ला जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवरून खाली पडला. त्याने स्वतः उडी मारली, कोणाचा दोष नाही, असा निर्णय १९७२ मध्ये झाला. घरच्यांनी ते वाक्य कधी मानलं नाही. त्याच्या नावाची शाळा झाली, दरवर्षी आठवण झाली, आणि पुतण्या-भाच्यांच्या पिढीने कागद गोळा करत नेले. २०१७ मध्ये चौकशी पुन्हा उघडली आणि न्यायाधीशांनी लिहिलं की त्याने उडी मारली नव्हती, त्याला ढकललं होतं. सेहेचाळीस वर्षांनी वाक्य बदललं. आठवण जागी नसती तर फाईल कोणी उघडायला सांगितली असती?

कार्यक्रमाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक. वर्षाच्या दिवशी भाषणं कमी ठेवा. भजन असेल तर भजन, अन्नदान असेल तर अन्नदान. दगडावरचा मजकूर एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये मोठ्याने वाचावा, आणि तो घरच्या माणसाने वाचावा. बंदोबस्ताला जे शिपाई येतील त्यांनाही पानावर बसवा. ते तुमच्याच भागातले असतात, आणि त्यांनीही तो मजकूर ऐकावा असं मला वाटतं.

माझ्याकडे याल तेव्हा आईला घेऊन या, भाऊ नंतर आला तरी चालेल. घरात असतील ते सगळे कागद आणा, कन्नड असतील तसेच, मराठीत करून घेण्याच्या भरात मूळ प्रत कोणाकडे सोडू नका. ज्या चुलत्याने सही केली तोही आला तर बरं. आणि नेलं त्या रात्री गल्लीत कोण कोण जागं होतं, त्यांची नावं आजच एका वहीत लिहून ठेवा, प्रत्येकाने काय पाहिलं ते त्याच्याच शब्दांत, खाली तारीख. आठ महिन्यांत माणसं बरंच विसरतात.